चि. एकविसाव्यास

चि. एकविसाव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कुठल्या घरचा की घरची, आम्हांस ठाऊक नाही. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज खडूने लिहिलेले असते : मुले 7, मुली 13, एकूण पट 20. आणि विसापर्यंतचा पट दिसला की सरकारच्या पोटात दुखू लागते. तेवढ्यासाठी तू हवास.

मुलगे सातच कसे, हे सकाळी फाट्यावर उभे राहिले की कळते. पिवळी गाडी येते, टाय लावलेले बंधुराज चढतात. त्यांना टाटा करून बहिणी आमच्या शाळेकडे वळतात. फी एकाचीच परवडते, आणि ती कोणाची भरायची हे घरोघरी न बोलता ठरलेले असते. मुलींना एवढा अग्रक्रम देणारी दुसरी शाळा दाखवा! तेव्हा तू मुलगी असलीस तर आमची आशा जास्त.

तुला फार काही करायचे नाही. 30 सप्टेंबरला पटावर असायचे. त्या आकड्यावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षक किती ते ठरते. दसरा झाला की आईबापांबरोबर खुशाल ऊसतोडीला जा. फडात असलास तरी कागदावर वर्गातच असशील. मात्र खोटे नाव नको. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजले, तेव्हा हजेरीपटावर सुखाने नांदणारी बरीच मुले अंतर्धान पावली.

2023 मध्ये राज्यात 20 पर्यंत पटाच्या शाळा 15 हजारांच्या आसपास होत्या. त्याच वर्षी शिक्षण खात्याने त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, पानशेत-तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले. गाडी मिळेल, मैदान मिळेल, सोबतीला पोरे मिळतील. यातले शेवटचे तर आम्हालाही पटते. पण पावसाळ्यात आमचा ओढा गाडीला वाट देत नाही, आणि पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षण हक्काचाच नियम आहे. शिवाय 2023 मध्येच वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरला एका विद्यार्थ्यासाठी एक गुरुजी शाळा भरवत होते.

तरी पत्र मिळताच निघावे. घरी थोरांस नमस्कार.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती

ता. क. : आधार कार्ड आणणे. त्यावरचे नाव शाळेतल्या नोंदीशी जुळले नाही, तर तू येऊनही पट 20 च राहील.