सहावा भिडू हवा आहे

कॉलेजच्या क्रॉस कंट्री संघात जायचं ठरवलंत, हे फार चांगलं केलंत. क्रिकेटच्या निवड चाचणीला मैदान भरून पोरं येतात आणि त्यांतल्या निम्म्यांचे मामा-काका कुणाला तरी ओळखत असतात. कबड्डीत तालमीतली टोळी आधीपासून ठाण मांडून बसलेली असते. क्रॉस कंट्रीचं तसं नाही. इथे जिमखान्याचे सर स्वतः वर्गावर्गांत डोकावत विचारतात, "पळणारं कोण आहे का रे?" आणि अख्खा वर्ग वहीत बघायला लागतो. त्या वेळी ज्याची मान वर राहिली, तो संघात गेला.

सरांना एवढी घाई का, हे कळायला गुणांचा हिशेब कळला पाहिजे. संघ सहसा सहा जणांचा असतो आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. त्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज कमी, ते जिंकले. समजा, तुमच्या कॉलेजचे चौघे ३, ८, १९ आणि ६० व्या क्रमांकानं आले. बेरीज ९०. शेजारच्या कॉलेजचे १५, १८, २२ आणि ३०. बेरीज ८५. त्यांच्यातला एकही पहिल्या दहात नाही, तरी ढाल त्यांची. तुमच्या तिसऱ्या आलेल्या हिरोचं कौतुक होईल, पण सरांची नजर शोधत असेल ती ६० नंबरवाल्याला. आणि चौघं पूर्ण झालेच नाहीत, तर संघच धरत नाहीत.

पाचव्या-सहाव्याचे क्रमांक बेरजेत येत नाहीत. मग ते कशाला? तर वाटेत त्यांनी समोरच्या संघातल्या कुणाला मागे टाकलं, की त्याचा क्रमांक एकानं वाढतो. आपल्या पदरात काही न पडता दुसऱ्याचं नुकसान करण्याची अशी नियमात बसणारी सोय दुसऱ्या खेळात क्वचितच असेल. नवशिक्यानं आपली जागा इथे ओळखावी. तुम्हाला सहावं व्हायचं आहे.

जिमखाना

पहिली शर्यत कागदांची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चालू वर्षाची फी भरल्याची पावती, ओळखपत्र, फोटो, आणि पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही व कॉलेजचा गोल शिक्का. प्राचार्य मीटिंगला गेलेले असतात. सही मिळाली की शिक्का कपाटात निघतो आणि कपाटाची किल्ली मामांकडे. मामा म्हणजे जिमखान्याचे शिपाई. सर बदलतात, प्राचार्य बदलतात, मामा तेच राहतात. मागचं फाटक पहाटे उघडं की बंद, तुमच्या मापाचा ट्रॅकसूट शिल्लक आहे की संपला, हे सगळं त्यांच्या मर्जीवर. त्यांना पहिल्या दिवशीच नमस्कार घाला, चहाचं विचारा. तरीही ट्रॅकसूट डबल एक्सेलच मिळेल आणि त्याच्या पाठीवर गेल्या वर्षीचं साल असेल. पण तो तरी मिळेल.

वरचा रस्ता असा: आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, पुढे आंतरविद्यापीठ. सहाव्यानं एवढ्या लांबचं बघू नये.

चाचणी

चाचणीच्या दिवशी तुम्हाला काही मुलं दिसतील, ज्यांच्यापुढे आपला निभाव लागणार नाही असं वाटेल. केस बारीक, बनियन घामानं आधीच भिजलेलं, आपापसांत "टायमिंग किती?" एवढंच बोलणारी. ही पोलीस भरतीवाली पोरं. त्यांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढायचे असतात, म्हणजे धावण्याचे २० पैकी २० गुण. दोन-दोन वर्षं पहाटे चारला उठून त्यांनी एवढंच केलेलं असतं. शिट्टी वाजली की ती सुटतात, आणि १६०० मीटरपर्यंत त्यांना कुणी धरू शकत नाही.

क्रॉस कंट्री मात्र १६०० मीटरला संपत नाही. नेम धरून शिकवलेले त्यांचे पाय तिथे थांबायला बघतात आणि पुढे आठेक किलोमीटर शिल्लक असतात. तिसऱ्या किलोमीटरला तुम्हाला त्यांतला एकजण कमरेवर हात ठेवून चालताना दिसेल. त्याला ओलांडताना काही बोलू नका. वर्षभरात तो पोलिसाच्या पोशाखात चौकात उभा असेल आणि तुम्ही हेल्मेटशिवाय असाल.

टायमिंग किती लागतं, असं सगळे विचारतात. माझ्या मते साध्या कॉलेजात ज्या मुलाला पाच किलोमीटर बावीस-तेवीस मिनिटांत पळता येतात त्याला सर नाही म्हणणार नाहीत. मुलींच्या संघात तर बऱ्याचदा सहा नावंच होत नाहीत. याला उलट बाजूही आहे, आणि ती गमतीची नाही: महाराष्ट्रात लांब पल्ल्याची मोठी पदकं आधी मुलींनी आणली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य जिंकलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. चांदवडकडच्या संजीवनी जाधवनं २०१७ ला तैपेईत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य घेतलं, म्हणजे थेट विद्यार्थ्यांच्याच स्पर्धेत. एवढं असूनही जिल्ह्याजिल्ह्यांत मुलींचे संघ सहा नावांसाठी अडतात, कारण पहाटे साडेपाचला अंधारात मुलगी कुणाबरोबर पळणार, याचं उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं नाही.

कविताला लोक सावरपाडा एक्स्प्रेस म्हणाले, ललिताला माणदेशी एक्स्प्रेस. तुम्हालाही गाडीचंच नाव मिळेल. सुरुवातीला पॅसेंजर.

हळू पळणं

हा भाग सगळ्यात अवघड, आणि नवशिके इथेच बाद होतात. पहिल्याच दिवशी ते टेकडीवर जातात, जीव खाऊन पळतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात आणि चौथ्या दिवशी नडगी दुखतेय म्हणून सरांना फोन करतात. नडगी खरंच दुखत असते. दम सुधारायला काही आठवडे लागतात, हाडांना आणि स्नायुबंधांना त्याहून बराच जास्त वेळ. दम आला म्हणून अंतर वाढवलं की बिल नडगीच्या नावानं फाटतं.

म्हणून आठवड्यातलं बहुतेक पळणं हळू करायचं. किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील इतकं. परीक्षा, मेसची आमटी, कुणाचं कुणाशी जमलंय, कुठलाही विषय चालेल. वाक्य मध्ये तुटलं की वेग जास्त झाला. या वेगात फिरायला आलेले आजोबा तुम्हाला मागे टाकतील. पुण्याच्या वेताळ टेकडीवर हे हमखास होतं; तिथले आजोबा चाळीस वर्षं तोच चढ चढत आलेले असतात. मागे टाकताना ते वळून "चला, चला!" असंही म्हणतात. हा अपमान गिळता आला की तुमची तयारी सुरू झाली असं समजा.

यामागचं शास्त्र फार गूढ नाही. निवांत पळण्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. हे काम महिन्यांचं आहे आणि बाहेरून काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा ४०० मीटरच्या जोरकस फेऱ्या किंवा चढावरच्या धावा, रविवारी एक लांब पळणं, बाकी गप्पा. उशीर झालाय असं वाटत असेल, तर अविनाश साबळे आठवावा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, पण स्पर्धेसाठी पळायला लागला तो सैन्यात गेल्यावर, सियाचीन आणि राजस्थानातल्या नेमणुका करून, २०१५ च्या सुमारास, आणि तेही क्रॉस कंट्रीपासूनच. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. तुम्ही आत्ता प्रथम वर्षाला आहात. वेळ आहे.

घरच्यांचं काय करायचं? आई विचारेल, "कुणी मागे लागलंय का तुझ्या?" बाबा विचारतील, "याचे मार्क मिळतात का?" आजी फक्त विचारेल, "तिथे खायला काय देतात?" तिघांतला आजीचा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळी, अंडी, आणि रात्री भाकरी एक जास्त. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. वेग पडला की सगळे आळशीपणाला दोष देतात आणि कमी असतं ते लोह. बाबांना सांगा की शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्तरापासून, ते सांगू नका.

बूट चांगले घ्या, महाग नव्हे. पावसाळ्यात चिखलात दोन महिन्यांत सगळे सारखेच दिसतात. कुत्री मागे लागली तर थांबा आणि चाला. इथे टायमिंग काढायला जाऊ नका.

शर्यत

आंतरमहाविद्यालयीन शर्यत सकाळी साडेसहाला असते, म्हणजे पाहुणे आठला येतात. चार सेफ्टी पिना घरून न्या. चेस्ट नंबर मिळतो, पिना दोनच मिळतात आणि वारा सुटला की नंबर तोंडावर येतो. प्रसाधनगृहाची रांग लागली की रांगेत उभे राहा, गरज असो वा नसो. तुमचा नंबर येईपर्यंत गरज निर्माण होते.

भाषणात पाहुणे खिलाडूवृत्तीवर बोलतील आणि ऊन चढत राहील. उन्हाला हलकं घेऊ नका. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीला ३८ जण सुटले आणि १५ पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी आरामात जिंकला, मागे लोक रस्त्यावर कोसळत होते, आणि त्यानंतर ऑलिंपिकमधून हा खेळच काढून टाकला. पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही.

सुटताना पुढे घुसू नका. पहिले तीनशे मीटर कोपरं लागतात, चिखल उडतो, कुणाचा तरी बूट निघतो. पहिला किलोमीटर आपल्याला फार हळू वाटला पाहिजे. मग एकेकाला गाठायचं: पुढच्या बनियनचा रंग बघायचा, तो आपल्या कॉलेजचा नसेल तर त्याला ओलांडायचं, की पुढचा रंग. बरगडीखाली कळ आली तर श्वास लांब सोडा. पोहे खाऊन पळू नका हे सरांनी सांगितलं होतं आणि तुम्ही पोहे खाल्ले होते. वळणावर मामा उभे असतील. कॉलेजच्या मैदानावर कुणाचं नाव न घेणारे मामा तिथे तुमचं आडनाव घेऊन ओरडतील, "दोघं आहेत पुढं! धर, धर!" त्यातला एक धराल. कदाचित दोघंही.

शेवटी दोऱ्या बांधून अरुंद वाट केलेली असते. तिच्यात शिरल्यावर कुणाला ओलांडायचं नाही आणि आडवंही पडायचं नाही, मागचे अडकतात. टोकाला क्रमांकाची चिठ्ठी देतात. ती घट्ट धरा. चिठ्ठी हरवली तर तुम्ही पळालाच नाहीत.

मग केळं, एक बिस्किटाचा पुडा, आणि सही करून मिळणारा प्रवासभत्ता, ज्याच्या सुट्या पैशांवरून वाद होतो. संघाचा निकाल दुपारी लागतो, कारण बेरीज दोनदा चुकते. प्रमाणपत्र मिळालं की जागच्या जागी वाचा. आडनावातली वेलांटी, जन्मतारीख, कॉलेजचं नाव. चूक असेल तर त्याच टेबलावर दाखवा. उद्या ते टेबल नसतं. लॅमिनेशन करू नका, पुढे पडताळणीला मूळ कागद लागतो. ट्रॅकसूट सोमवारी धुऊन मामांकडे जमा करायचा.