आयोवात तिकीटवाटप

डे मॉइन, आयोवा
17 जानेवारी 2024

ती. नाना व सौ. आई यांस,


पार्सल पोचलं. तिळाचे लाडू शाबूत आहेत. मेतकुटाची पिशवी मात्र वाटेत फुटली, त्यामुळे नानांनी पाठवलेला स्वेटर आता मऊ भाताबरोबर लावून खाता येईल. नाना, कर्जतच्या थंडीतला स्वेटर तुम्ही उणे पंचवीसला पाठवलात, मायेला तोड नाही. तुमचे जावई तो जाकिटाच्या आत, थर्मलच्या बाहेर, असा मधल्या मजल्यावर घालतात.

परवा तुमचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. टीव्हीवर आयोवा गोठलेलं दिसलं म्हणून घाबरलात, हे कळलं. पण आम्ही जिवंत आहोत एवढी खात्री होताच "मग निकी का विवेक?" हा प्रश्न? जावई दचकून उठले, त्यांना वाटलं कुणाला जुळं झालं. फोनवर तुम्ही ऐकत नाही, पत्र निदान दोनदा वाचता, म्हणून सगळं लिहून काढते. पिंट्याची बस यायला अजून वेळ आहे, कुकर लावलाय.

आधी थंडीचं, कारण आईला तेच हवंय. आई, इथे थंडी हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो नगरपालिकेचा. घरासमोरचा पदपथ सरकारी, पण त्यावर पडलेला बर्फ आपला. ठरलेल्या मुदतीत उपसला नाही तर पालिका आपली माणसं पाठवते आणि बिल आपल्याला लावते. बरं, कंबर मोडून उपसावा, आत येऊन चहा टाकावा, तर तेवढ्यात पालिकेचाच नांगर लावलेला ट्रक रस्ता साफ करत येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या गाडीच्या वाटेच्या तोंडाशी लोटून जातो. तो दगडासारखा घट्ट असतो. तोही आपलाच! तक्रार करायला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, ट्रकला वळवायची सोय नाही, पुन्हा उपसा.

मग गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोराला विचारलं. त्याने वाट आणि पदपथ मिळून 80 डॉलर सांगितले. म्हणजे साडेसहा हजार रुपये! एवढ्यात आपल्या खालच्या खाचराची लावणी उरकून माणसांना मटणाचं जेवण घातलं असतं, आणि उरलेल्या पैशात नानांनी विडीचं बंडल आणलं असतं. (बंद केली म्हणता ना? वहिनीने कळवलंय सगळं.) शेवटी जावयांनीच फावडं उचललं. सध्या पाठीला बाम आहे.

आता निकी आणि विवेक. नाना, आम्हाला मत नाही. आम्ही कामाच्या व्हिसावर आहोत, कर भरतो आणि गप्प बसतो. तेव्हा बाळूकाकांना सांगा की माझ्या मतावर पैज लावू नका. आणि आई, हे दोघं रिपब्लिकन, पण इथले रिपब्लिकन म्हणजे आठवलेंचे नव्हेत. हे देवाधर्माचे, कर कमी करा आणि सरहद्द बंद करा म्हणणारे.

आपल्याकडे एबी फॉर्म मुंबईहून निघतो, शेवटच्या दिवशी तीनच्या आत कर्जतला कचेरीत पोचतो, आणि ज्याच्या नावाने निघाला तो सोडून बाकी सगळे बंडखोर होतात. इथे तो फॉर्म वरून येत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पक्षाने कुणाला उभं करायचं, हे पक्षाचा साधा मतदार ठरवतो, तेही राज्याराज्यातून. रिपब्लिकनांमध्ये त्यात आयोवाचा नंबर पहिला, म्हणून वर्षभर हे उमेदवार इथे पडीक असतात. काउंट्या 99, म्हणजे आपले तालुके धरा. चहाच्या टपरीवर आमदार दिसावा तसे हे कॉफीच्या दुकानात दिसतात, फक्त मागे हार घेतलेली पोरं नसतात.

शेजारच्या आजोबांनी ऑगस्टपासून वही घातली होती. डाव्या पानावर गुण, उजव्या पानावर दोष. तुमचीच आठवण झाली नाना, तुम्हीही ग्रामपंचायतीला असंच करता. आजोबा मका आणि सोयाबीन पिकवून निवृत्त झालेत, तेव्हा पानांच्या कडेला हवामानाच्याही नोंदी आहेत. मी चहा घेऊन गेले की मला वाचून दाखवायचे.

विवेक रामस्वामी. वय 38, आईवडील केरळातून आलेले तमिळ. औषधांची कंपनी काढून पैसा केला. गुण: जिभेला हाड नाही. 99 काउंट्या दोनदा पालथ्या घातल्या. "तुम्ही हिंदू, मग आमचे राष्ट्राध्यक्ष कसे?" असं भर सभेत विचारलं तर न चिडता उत्तर दिलं, हे आजोबांनी दोनदा अधोरेखित केलंय. दोष: हाच, जिभेला हाड नाही. ऑगस्टच्या जत्रेत माईक घेऊन रॅप म्हणाला. केंद्र सरकारचे पाऊण कर्मचारी काढून टाकणार म्हणाला. नाना, तुमची निम्मी पेन्शनर मंडळी तिथेच मूर्च्छित पडली असती. पंचविशीच्या आतल्या पोरांना मत हवं तर नागरिकशास्त्राची परीक्षा द्या, असंही त्याचं म्हणणं. दादा नागरिकशास्त्रात कसा पास झाला ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा आपल्या घरातून त्याला पाठिंबा नाही. आणि आपला आपला म्हणता, तर ज्या एच-1बी व्हिसावर तुमचे जावई फावडं मारतात, तो मोडीत काढायचं हाच म्हणाला. त्याच्या जुन्या कंपनीने मात्र तोच व्हिसा वापरून माणसं आणली होती. असे आपले!

निकी हेली. माहेरची रंधावा, आईवडील पंजाबातले, वडील पगडीवाले. शाळेत असल्यापासून आईच्या कपड्यांच्या दुकानाचे हिशेब लिहायची. साउथ कॅरोलिनाची गव्हर्नर झाली. इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, राजभवनात चहा देणारा नव्हे. 2015 मध्ये तिथल्या चर्चमध्ये काळ्या लोकांची हत्या झाली, तेव्हा विधानभवनासमोरचा गुलामगिरीवाल्यांचा जुना झेंडा उतरवायला लावला. मला विचाराल तर हे तिचं सगळ्यात भरीव काम. मग गेल्या महिन्यात कुणीतरी विचारलं, यादवी युद्ध कशामुळे झालं? तर सरकार, स्वातंत्र्य असं बरंच बोलली आणि गुलामगिरीचं नाव राहिलं! दुसऱ्या दिवशी सारवासारव. आजोबांनी मात्र लाल पेन काढलं ते दुसऱ्याच कारणाने. न्यू हॅम्पशायरमध्ये जाऊन ती म्हणाली की आयोवा सुरुवात करतं आणि तुम्ही दुरुस्त करता. सासरी जाऊन माहेरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि परत माहेरी जेवायला यायचं, कसं चालेल?

फ्लोरिडाचे डिसँटिस. कामाला वाघ. 2022 मध्ये गव्हर्नरपद भरघोस मतांनी राखलं. यांनीही सगळ्या काउंट्या केल्या, शिवाय इथल्या गव्हर्नरबाईंचा जाहीर पाठिंबा. दोष एकच: हसता येत नाही. मी एका कार्यक्रमात जवळून पाहिलं. प्रश्न संपला, टाळ्या वाजल्या, मग कुणीतरी आतून सांगावं तसे ओठ ताणले गेले, डोळे होते तिथेच. इकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या बुटांची टाच आतून उंच केलीय का यावर रकाने लिहिले. आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभाध्यक्ष नार्वेकरांच्या निकालाचं तुम्ही कळवलंत त्याच दिवशी, 10 तारखेला, इथे डिसँटिस आणि हेली यांचा शेवटचा वाद झाला. दोन तास एकमेकांना खोटं ठरवत होते. तुमच्याकडे कुणीच अपात्र ठरलं नाही, इथे दोघंही ठरले.

आणि ट्रम्प. नाना, वहीत ट्रम्प यांचं पान कोरं होतं. मी विचारलं, तर आजोबा म्हणाले, त्यात काय लिहायचं, ते माहीतच आहेत. चार फौजदारी खटले, 91 आरोप, एकाही वादाला हजेरी नाही. मोठ्या सभा घेतल्या आणि विमानाने गेले. रविवारी तर थंडीला भिऊन घरी बसू नका, आजारी असलात तरी मत द्या, मग मेलात तरी सार्थक झालं, अशा अर्थाचं गमतीत बोलले आणि लोक हसले. जे दारात आले त्यांचे दात मोजले गेले. आले नाहीत त्यांच्या दाताकडे कुणी पाहिलंच नाही.

(थांबा, शिट्ट्या झाल्या.)

सोमवारी पक्षाची मतदानाची सभा, आणि नेमकी संक्रांत. आजोबांनी विचारून ठेवलं होतं, म्हणून आम्हीही बघे म्हणून शाळेत गेलो. मी काळी साडी नेसले, त्यावर तीन कपडे आणि बूट, त्यामुळे साडी फक्त मलाच माहीत. शाळेच्या जेवणघरात मुलांच्या बुटक्या बाकांवर आडदांड शेतकरी गुडघे छातीशी घेऊन बसलेले. ओळखपत्र पाहिलं, झेंड्याला वंदन झालं, मग प्रत्येक उमेदवाराच्या वतीने गावातलंच कुणीतरी उठून दोन शब्द बोललं. एक बाई कागद थरथरत वाचत होत्या, तरी लोकांनी शांतपणे ऐकलं. तशी शांतता आपल्या ग्रामसभेत फक्त दुखवट्याला असते. मी डब्यातले लाडू फिरवले. प्रत्येकाने आधी विचारलं, शेंगदाणे आहेत का? मग खाल्ले. गोड बोला हे समजावलं तेव्हा डिसँटिसवाला म्हणाला, उद्यापासून.

चिठ्ठ्या वाटायच्या होत्या आणि तेवढ्यात फोन वाजायला लागले: ट्रम्प जिंकले! सात वाजता सुरू झालेल्या सभेचा निकाल अर्ध्या तासात टीव्हीवर. डिसँटिसवाले भडकले. शेवटी ट्रम्प 51 टक्के, डिसँटिस 21, हेली 19, विवेक जेमतेम 8. विवेकने त्याच रात्री माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबा दिला. 99 पैकी 98 काउंट्या ट्रम्पना, आणि जॉन्सन काउंटी हेलीला, एका मताने! बाळूकाकांना हे नक्की सांगा. ते अजून म्हणतात ना, एका मताने कुणी पडत नाही.

परतताना जावयांनी विचारलं तर आजोबा सरळ म्हणाले, ट्रम्प. एवढी वही लिहून? म्हणाले, वही बाकीच्यांसाठी होती. नाना, तुम्हीही दर वेळी यादी करता आणि शकूआत्याच्या दिराला मत देऊन येता, तेव्हा हसू नका.

त्या सभेत सरहद्दीवर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. कुणी आमच्याकडे वाकडं पाहिलं नाही, उलट खुर्ची दिली. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही इतके मागे आहोत की पिंट्याचं लग्न आधी होईल. नाना, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी येता आलं नाही, ते कागदांमुळेच. हे फोनवर नीट सांगता येत नाही. काल डबा पुन्हा उघडला आणि लाडवांखाली आईने कागदात गुंडाळलेला भांबुर्ड्याचा वाळका पाला सापडला. आई, तो इथे कशाला? पोपटी कुठे लावू, बर्फात? वालाच्या शेंगा नाहीत, मडकं नाही. पाला चुरगळून वास घेतला आणि बराच वेळ ओट्याशी तशीच उभी राहिले. पिंट्या विचारत होता, आई, काय जळतंय?

बाकी, शकूआत्याच्या नातवाचं जमलेलं मोडलं ते बरंच झालं, मुलीचे लोक मला साखरपुड्याच्या फोटोतच पसंत नव्हते. 22 तारखेला अयोध्येच्या राममंदिरासाठी दिवे लावू, जावयांनी पणत्या मागवल्यात. ट्रेकला येणाऱ्या पोरांना पोहे करून घालू नकोस आई, आणि घातलेस तर पैसे घे.

तुमची,
बेबी

ता. क. दादाने लिहिलंय की खालच्या खाचराला मुंबईचा फार्महाउसवाला आकडा देतोय आणि नाना "बघू" म्हणाले. बघू नका. मे महिन्यात व्हिसाचा शिक्का मारायला मुंबईत यायचंच आहे, तेव्हा सगळे बसू. तोवर कुणीही कशावर सही करायची नाही, दादाने तर अजिबात नाही. नांगरणीचे पैसे पाठवते, उपसणीचे वाचवलेत त्यातले.