सुधारित वाण

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने ‘फुले २६५’ हा ऊस दिला. क्षारपड जमिनीत तग धरतो, खोडवा जोमदार देतो, वर कुरकुर नाही.

तो ऊस तोडणाऱ्या वाणाकडे मात्र शास्त्रज्ञांचे दुर्लक्षच झाले. पाथर्डी-बीडकडून दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या या वाणाचे एकक ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे बाई अर्धी. उचल आधीच अंगावर, पहाटे फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत. गुणी वाण! दोष एकच. त्यातल्या अर्ध्या भागाला दरमहा पाळी येते, पोट दुखते, खाडा पडतो. खाड्याला दंड लावून पाहिला, दोष जाईना.

अखेर ही सुधारणा काही खासगी दवाखान्यांनी करून दाखवली. पिशवी काढली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही. खर्चही बाईच्याच अंगावर, पुढच्या उचलीत फिटणारा. इतके स्वावलंबी संशोधन विद्यापीठांना कधी जमले आहे?

काम अर्धवट सोडू नये. आता कंबर आणि भूकही काढून टाकावी, म्हणजे गळीत हंगाम बारमाही होईल. क्षेत्रीय चाचण्यांची चिंता नको, त्या झाल्या आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती.