राऊटर तुमचा, किल्ली कुणाकडे?

नेट गेलं की घरातला प्रत्येक जण राऊटरपाशी जातो, दिवे बघतो, बटण बंद करून पुन्हा चालू करतो. इथे आपलं ज्ञान संपतं. पुढचं नेटवाला बघेल!

का म्हणून? राऊटरचं सेटिंगचं पान तुमच्या घरातल्या त्या डब्यातच असतं. ते उघडायला इंटरनेट लागत नाही.

एक रुपयाचा रिचार्ज नसला तरी ते उघडतं.

‘पान उघडतच नाही’ म्हणणाऱ्यांचा बहुतेक वेळा पत्ताच चुकलेला असतो. १९२.१६८.१.१ सगळ्यांना तोंडपाठ, पण तो सगळ्या राऊटरचा पत्ता नव्हे. कुणाचा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. अंदाजपंचे कशाला? वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कचे तपशील उघडा. आयफोनवर ‘राऊटर’, अँड्रॉइडवर ‘गेटवे’ असं लिहिलेलं असतं. त्यासमोरचा आकडा तुमचा.

तो टाकायचा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, गुगलच्या रकान्यात नव्हे. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालापासून आरएफसी १९१८ या नियमाने खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते नसतातच. मग सर्चमध्ये सापडलेली ‘राऊटर लॉगिन’ची साइट तुमचा पासवर्ड कशासाठी मागते?

आणि हो, एक म्हणजे एक. इंग्रजी एल नव्हे.

पत्ता बरोबर, तरी पान येत नाही? फोनवर संशय घ्या. वाय-फायला नेट नाही असं दिसलं की अनेक फोन न विचारता मोबाइल डेटावर उडी मारतात. तिथून घरातला राऊटर दिसणार कसा? डेटा बंद करा, व्हीपीएन बंद करा. लॅपटॉप असेल तर लॅनची वायर थेट राऊटरला लावा.

पान आलं की पासवर्डची भिंत. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, सेटिंगचा वेगळा. राऊटर उलटा करा, स्टिकर वाचा. तिथे असेल तर सुटलात. नसेल किंवा कुणी बदलला असेल, तर टाचणी घेऊन रीसेटचं भोक शोधू लागाल.

थांबा!

रीसेटने फक्त पासवर्ड जात नाही. नेटवाल्याने जोडणीसाठी भरलेलं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जाऊ शकतो. पान उघडेल, नेट जाईल. आधी ती जोडी मिळवा, मग टाचणी.

‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चालतंय की, कशाला बदलायचं?’ २०१६ साली मिराई नावाचा व्हायरस अशाच साठेक ठरावीक जोड्या वापरून कॅमेऱ्यांत आणि राऊटरमध्ये शिरला. त्या ऑक्टोबरात अशाच उपकरणांच्या फौजेने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड लावून विकण्यावर कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे मात्र पासवर्ड जोडणी करून गेलेल्या पोराच्या डोक्यात असतो. तो नोकरी सोडून गेला की पासवर्डही गेला. वाय-फायचं नाव बदलायचं तरी फोन करा, मुलांच्या टॅबचं नेट रात्री बंद ठेवायचं तरी फोन करा. घर आपलं, बिल आपलं, मग मिनतवाऱ्या कसल्या?

म्हणून पुढच्या वेळी जोडणीला माणूस आला की तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: राऊटरचा पत्ता, सेटिंगचा पासवर्ड, पीपीपीओईची जोडी. ‘काका, तुम्हाला काय करायचंय त्याचं?’ असं तो विचारेलच. काय करायचं ते आपण ठरवू म्हणावं. कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.