शेजारची जॅग्वार आणि आपली चेतक

कॉव्हेंट्री,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थस्वरूप बाबा आणि आई,

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. चिऊचा पुढचा दात पडला, माझा खोकला गेला आणि तुमचे चिरंजीव सध्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला असतात. जेवायला तेवढे घरी येतात. हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण फोनवर गाडीचा विषय काढला की त्यातून स्कूटर निघते, आणि स्कूटर निघाली की बाबा फोन आईंच्या हातात देऊन गॅलरीत जातात. म्हणून कागद-पेन काढलं. कागदाला गॅलरी नसते.

गणपतीत चिरंजीव सोसायटीच्या सेक्रेटरींना परस्पर म्हणून आले, “पार्किंगमधली चेतक काढून टाका, भंगारवाल्याला द्या.” तेव्हापासून बाबा त्यांच्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. इंग्रजांची एक गंमत सांगते. कुणाशी असा अबोला धरला, तर ते म्हणतात, ‘त्याला कॉव्हेंट्रीला पाठवलं.’ म्हणजे बाबा, तुम्ही मुलाला दोनदा कॉव्हेंट्रीला पाठवलंत. पहिल्यांदा टाटांच्या टेल्कोतल्या पगारातून शिकवून, आणि आता हे असं.

आईंसाठी आधी खुलासा करते. इथलं गॅरेज म्हणजे आपल्या चिंचवडच्या कोपऱ्यावरचं नव्हे, जिथे गाडी दुपारी मिळते म्हणतात आणि ती दुपार कुठली ते सांगत नाहीत. इथे घराला चिकटून गाडीसाठी एक खोली बांधतात, तिला गॅरेज म्हणायचं. त्या खोलीत गाडी सोडून काहीही असतं. आमच्या गॅरेजमध्ये चार सूटकेसा, गणपतीचं मखर, जुनी गादी आणि तांदळाची वीस किलोची गोणी आहे. गाडी बाहेर पावसात उभी असते. अख्ख्या गल्लीची हीच रीत, त्यामुळे शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये खरोखरच गाडी असेल, ही शंका येण्याचं काही कारण नव्हतं.

आजोबा म्हणजे तेच, ज्यांना दिवाळीत आपल्या चकल्या पोचतात आणि जे डबा कधी रिकामा परत करत नाहीत. चकलीचा डबा संत्र्याच्या सालीच्या कडवट मुरंब्याने भरून येतो. आजोबा 84 वर्षांचे, आजी गेल्यापासून एकटे. सतराव्या वर्षी ते जॅग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात लागले आणि पुढे आयुष्यभर सीटांवर चामडं चढवत राहिले. टाटांनी 2008 मध्ये ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली. तुमचे चिरंजीव पुण्याचे, त्यातून टाटांकडे नोकरी केलेल्याचे चिरंजीव, म्हणून आजोबा त्यांना ‘बॉस’ म्हणतात. “बॉस, जरा हा फ्रीज सरकवायला या,” अशी हाक आली. मालक मंडळी हातमोजे घालून निघाली. मागोमाग मी आणि चिऊ.

फ्रीजच्या मागे रंगाचे डबे, त्यामागे गवत कापायचं यंत्र, त्यामागे ख्रिसमसचं खोटं झाड. आणि सगळ्यांच्या मागे दोन गोधड्या आणि एका जुन्या पडद्याखाली काहीतरी लांबलचक झोपलेलं. चिऊने पडद्याचं टोक उचललं आणि ओरडली, “आई, चादरीखाली मगर आहे!”

मगरच वाटावी अशी ती गाडी होती. अर्धी लांबी नुसतं नाक. ‘जॅग्वार ई-टाइप’, 1966 ची, 4.2 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. रंग मूळचा हिरवा असावा. आता धूळ, गंज आणि हिरवा यांची वाटणी सारखी झाली आहे. काच इतकी बुटकी आणि रुंद की पुसायला तीन वायपर. चिरंजीव तिथेच गुडघ्यांवर बसले. देवघरात यांना असं बसलेलं मी पाहिलेलं नाही, हे आईंनी नोंदवून ठेवावं.

त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना गाडीपुराण चालतं. बाबांना त्यातलं आवडेल तेवढं कळवते. ही गाडी मार्च 1961 मध्ये जिनिव्हाला पहिल्यांदा लोकांसमोर आली. गर्दी एवढी लोटली की नेलेली गाडी पुरेना. कारखान्यात निरोप आला की दुसरी पाठवा. नॉर्मन ड्यूइस हे त्यांचे चाचणीचालक; ते गाडीत बसले आणि रात्रभर चालवत कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला पोचले. कंपनी वेग सांगायची ताशी 150 मैल, म्हणजे 240 किलोमीटर. किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. एवढ्या वेगाच्या दुसऱ्या गाड्या याच्या दुप्पट पैसे मागायच्या. आकार काढला माल्कम सेयर यांनी. ते मूळचे विमानांच्या कारखान्यातले, गाडीची वळणं गणिताने मांडायचे. चिऊला मी सांगितलं, बघ, लॉगॅरिदमचं कोष्टक पाठ केलं की असं काही सुंदर होतं. तिने विचारलं, मग बाबांनी पाठ केलं नव्हतं का? 1974 पर्यंत अशा बहात्तर हजारांवर गाड्या निघाल्या. ब्राउन्स लेनवर गाड्या बनणं 2005 मध्ये थांबलं. आता तिथे घरं आणि गाळे आहेत.

आजोबांना ही गाडी परवडली कशी, हे विचारायचं धाडस मीच केलं. 1973 मध्ये तेल भडकलं तेव्हा असल्या पेट्रोलपिऊ गाड्या लोक मिळेल त्या किमतीला काढू लागले. आजोबांनी पुढच्या वर्षी ही घेतली. म्हणाले, “हे चामडं मी चढवलेलं असेल, नाहीतर पलीकडच्या बाकावरच्या मित्राने. परक्याकडे कशाला ठेवायचं?” आजींना घेऊन ते या गाडीतून समुद्रावर जायचे. 1981 मध्ये मुलगी झाली. गाडीला सीट दोनच. हँडब्रेक ओढून त्यांनी ती आत लावली आणि म्हणाले, पोर जरा मोठी झाली की काढू. पोर आता 44 वर्षांची आहे आणि हँडब्रेक अजून ओढलेला आहे. त्या चामड्यात उंदरांच्या किती पिढ्या वाढल्या, ते देव जाणे.

बाबा, इथे मला हसू फुटलं आणि ते का, हे आजोबांना समजावता येईना. तिसरं माणूस आलं म्हणून इंग्रजाने गाडी झाकून ठेवली. आपल्या चेतकवर आई, तुम्ही, पुढे उभे चिरंजीव, मांडीवर वन्सं आणि पायाशी गॅसचा सिलिंडर, अशी वरात चिंचवडहून आकुर्डीपर्यंत जायची, ती कुठल्या कंपनीच्या हिशेबात बसत होती? हवा कमी वाटली तर तुम्ही सिलिंडर उतरवायचात, माणूस नाही.

असो. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुमची बाजू तुम्ही कुणाला सांगणार नाही. चिरंजिवांनी नवी बॅटरी आणली आणि जाहीर केलं की रविवारी स्टार्टर मारायचा. मी आईंना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होते. तेवढ्यात पडद्याबाहेरून आवाज आला, “सूनबाई, त्याला म्हणावं, स्टार्टरला हात लावू नकोस.” इकडे स्वयंपाकघरात शांतता पसरली. “म्हणावं, चव्वेचाळीस वर्षं बसलेलं इंजिन एकदम फिरवलंस तर रिंगा तुटतील. सगळे प्लग काढ. भोकांतून तेल सोड. आठ दिवस विसरून जा. मग पाना लावून हाताने फिरव, आणि दातओठ खायचे नाहीत, म्हणावं.” मी हे शब्द दोन फुटांवर बसलेल्या तुमच्या मुलाला पोचवले, मग इंग्रजी करून आजोबांना. आजोबांनी टोपी काढली आणि विचारलं, “तुझे सासरे जॅग्वारमध्ये होते का?” मी म्हटलं, “नाही, टेल्कोत.” ते म्हणाले, “तेच ते.”

आठ दिवसांचे चिरंजिवांनी पाच केले असते, पण आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसले. मधल्या वेळात चाकं काढायचा घाट घातला. या गाडीला बहात्तर तारांची, सायकलसारखी चाकं आणि मधोमध पंखांची एकच मोठी चकती. ती हातोडीने ठोकून फिरवायची. दोन डिग्र्या असलेला माणूस अर्धा तास ठोकत होता. शेवटी चिऊने चकती पुसली. तिच्यावर बाण काढून ‘अनडू’ असं कोरलेलं होतं. बाण दुसऱ्या बाजूला होता.

नवव्या दिवशी इंजिन हललं. जेमतेम बोटभर, पण हललं. आजोबा काही बोलले नाहीत, आत जाऊन मुरंब्याची बाटली घेऊन आले. मागचे ब्रेक अजून घट्ट आहेत; ते चाकापाशी नसून आत डिफरन्शियलला चिकटून बसवलेत, त्यामुळे हात पोचत नाही. त्यावर तुमचं काय मत आहे, ते चिरंजिवांना हवं आहे. स्वतः विचारायची हिंमत नाही, म्हणून मी विचारते.

त्या रात्री चिरंजीव बराच वेळ जागे होते. मग म्हणाले, “आपल्या चेतकचं इंजिन फिरत असेल का गं?” मी म्हटलं, शेजाऱ्याची अडगळ असली तर वारसा आणि बापाची असली तर भंगार, हा हिशेब कुठल्या कॉलेजात शिकवतात? त्यावर उत्तर आलं नाही. पण पहाटेपर्यंत फोनवर काहीतरी शोधत होते आणि जे सापडलं ते तुम्हाला कळवायला मला सांगितलं आहे.

इथे चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ होतो. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी आणि वर पर्यावरण कर. पण 2021 मध्ये केंद्र सरकारने नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी असो वा मोटार, तिची विंटेज म्हणून नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. शुल्क वीस हजार. ते चिरंजीव भरणार. अट अशी की ती रोजच्या वापराला काढायची नाही. ही अट आपली चेतक गेली सोळा वर्षं निष्ठेने पाळते आहे. तुम्ही ती 1976 च्या जूनमध्ये घेतलीत. पुढच्या जूनमध्ये पन्नास पूर्ण.

तेव्हा सेक्रेटरींना एवढंच सांगा की ती अडगळ नाही, सात महिने कमी पडलेली विंटेज आहे. चिऊचे तुम्हा दोघांना पापे.

तुमची,
सूनबाई

ता. क. चिरंजिवांची रजा मंजूर झाली. 14 डिसेंबरला पहाटे पोचतील, तांब्याची हातोडी घेऊन. तोवर चेतकचा प्लग काढून भोकात तेल सोडून ठेवा. एकच सिलिंडर आहे, फार लागणार नाही.