हळदीतला सायकेडेलिक रॉक

मुंबईच्या रसिकाला सायकेडेलिक रॉक ऐकायचा तर तिकीट काढावं लागतं, मनगटाला कागदी पट्टा बांधावा लागतो आणि सगळं समजत असल्याचा चेहरा शेवटपर्यंत टिकवावा लागतो. १९७०च्या दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड असलं काही वाजवायचा; त्याच्या आठवणीने आजही काहींचे डोळे मिटतात. या मंडळींनी लग्नसराईत कसारा लोकलने एकदा खर्डीला उतरावं.

इथे हळदीला बेंजो पार्टी असते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तंतुवाद्य म्हणजे नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२च्या सुमारास काढलेल्या ताइशोगोतोचं वंशज. त्याला पिकअप लावायचा, मिक्सरवरचं ‘इको’चं बटण शेवटपर्यंत पिळायचं, की एकच सूर गावाला वळसा घालून परत येतो. कोळीगीत सुरू होतं, मधेच नागीण निघते आणि मूळ गाणं कुठलं हे वादकालाही आठवत नाही. समीक्षक याला उत्स्फूर्त विस्तार म्हणतात. नवरदेवाचा मामा ‘वाजव रे अजून’ म्हणतो आणि नोट काढतो.

प्रकाशयोजना जनरेटरच्या मर्जीवर. स्थळकाळाचं भान सुटणं ही या संगीताची खरी कसोटी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २०००पासून आहे. मांडवात मात्र मध्यरात्रीपर्यंत कुणाचेच दहा वाजत नाहीत.

वर तिकीट नाही, आणि जेवल्याशिवाय कुणी सोडतही नाही. अशा कलेला प्रतिष्ठा मिळणार तरी कशी?