श्री. सबबराव डिझेलवाढे यांस

मु. पो. तिकीट खिडकी, लाँचचा धक्का

सबबराव,

आमच्या धक्क्यावर तिकीट खिडकीच्या काचेवर तुमचा कायमचा मुक्काम आहे. एक कागद, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी, वर खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरलेलं लॅमिनेशन. मजकूर एका वाक्याचा : ‘डिझेलच्या दरात वाढ झाल्याने तिकीटदरात वाढ करण्यात येत आहे, प्रवाशांनी सहकार्य करावे.’ खाली तारीख होती, पण उन्हाने शाई नेमकी तिथलीच उडवली आहे. त्यामुळे तुम्ही कधी आलात ते कुणालाच सांगता येत नाही. पाहुणा किती दिवसांचा आहे हे विसरलं, की तो घरचाच होतो.

आधी तुमची बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल प्रवासी एकतर्फी बोलतात. लाँचच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो, हे खरं. रस्त्यावरचा ड्रायव्हर उतारावर इंजिनाला विश्रांती देतो. समुद्रात उतार नाही, आणि इंजिन बंद केलं तर लाँच जाईल तिकडे जाईल. वेगाचं गणित तर फारच निर्दय. बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. म्हणजे तांडेलाने लाँच दहा टक्के हळू नेली, तर तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के डिझेल कमी लागतं. आमची लाँच अलीकडे पूर्वीपेक्षा बरीच रमतगमत जाते. त्या वाचलेल्या डिझेलचा उल्लेख तुमच्या कागदावर दिसला नाही. राहून गेला असेल.

आता तुमची कारकीर्द. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचे वायदे चक्क शून्याच्या खाली गेले. विक्रेते म्हणत होते, तेलही न्या आणि वर पैसेही न्या. आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवलं आणि ती स्वस्ताई पंपावर पोहोचायच्या आत मधल्यामध्ये गडप झाली. ते पाप तुमचं नाही, मान्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. तुम्ही हजर. ४ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, शुल्क १० रुपयांनी उतरलं. राज्याचा व्हॅट टक्क्यांत असल्याने तोही आपसूक घसरला आणि डिझेल १०६ रुपयांवरून ९४ वर आलं. तुम्ही गप्प. २०२२ च्या वसंतात भाव पुन्हा चढला, तुम्ही पुन्हा हजर. मग त्याच वर्षी मे महिन्यात शुल्क ६ रुपयांनी कमी झालं, जुलैत राज्याने व्हॅटमध्ये ३ रुपये सोडले, मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये उतरले. या तिन्ही वेळा मी खिडकीपाशी रेंगाळून पाहिलं. ‘डिझेलच्या दरात घट झाल्याने तिकीटदरात घट करण्यात येत आहे’ असा कागद काही लागला नाही. कदाचित लॅमिनेशनचे भाव वाढले असतील.

तुमचं गणितही एकदा शिकवा आम्हाला. समजा, लाँचच्या एकूण खर्चात डिझेल ४० टक्के आहे. डिझेल १० टक्क्यांनी महागलं, तर एकूण खर्च ४ टक्क्यांनी वाढला. १०० रुपयांचं तिकीट १०४ व्हायला हवं. तुम्ही ते ११० करता. खिडकीतून कारण ऐकू येतं : सुट्ट्या पैशांचा घोळ होतो. हे बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली, तुमच्या शेजारीच, मोबाइलने पैसे घेणारा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्यात १०४ टाकले तर १०४ च जातात, मी करून पाहिलं आहे.

खरं दुखणं तर पुढेच आहे. डिझेलच्या नावाखाली तुम्ही काय काय खपवता! ओहोटीला जेटीपाशी गाळ वर येतो आणि लाँच लागत नाही. रेवसला, मोऱ्याला हे रडगाणं जुनंच. मग एक तर फेरी बुडते, नाहीतर इंजिन घुरघुरत ठेवून पाण्याची वाट बघायची. हा खर्च गाळाचा. बुडाला शंख-शिंपले आणि शेवाळ चढलं की तीच लाँच तेवढ्याच वेगाला जास्त डिझेल पिते. हा खर्च पुढे ढकललेल्या डागडुजीचा. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी थेट उरणपर्यंतच्या लोकलचंही. माणसं तिकडे वळली तर उरलेल्यांच्या डोक्यावर रिकाम्या बाकांचाही भार येणारच. खलाशांचा पगार, इंजिनाचे सुटे भाग, कर्जाचं व्याज, जेटीचं भाडं, हे सगळं आपापल्या चालीने वर-खाली होतं. तुमच्या कागदावर मात्र एकच शब्द. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि वांगं कोणी मोजायचं नाही.

सर्व्हे, विमा, लाईफ जॅकेट यांचा खर्च वाढला, तर बेलाशक तसं लिहा. १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. या किनाऱ्यावर त्या खर्चाला कोणी नाक मुरडणार नाही. पण तो त्याच्या नावाने मागा.

तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब ठेवायचा कोणी? रिक्षावाल्यांचा ठेवला जातो की. हकीम समिती झाली, मग खटुआ समिती झाली. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, महागाई यांचं सूत्र बसवलं गेलं. भाडं वाढलं की लोक ओरडतात, पण कशाने वाढलं ते निदान वाचता येतं. नॉर्वेसारख्या फेरीबोटींच्या देशात तर सरकारी सांख्यिकी कार्यालय देशांतर्गत जलवाहतुकीच्या खर्चाचा निर्देशांकच काढतं. पगार, इंधन, दुरुस्ती, विमा, भांडवल, प्रत्येकाला ठरलेला वाटा. फेरीबोटींचे ठेके त्यावरून वर-खाली होतात. लक्षात घ्या, वर-‘खाली’. हे काही रॉकेटशास्त्र नव्हे, वाण्याच्या वहीत मावेल एवढंच काम आहे. राज्यातल्या लहान बंदरांसाठी १९९६ पासून मेरीटाईम बोर्ड आहे. असा तक्ता दर तीन महिन्यांनी काढून प्रत्येक धक्क्यावर लावला, तर तुमची काचेवरची जागा जाईल, पण तेवढं सोसा.

तुमच्या घराण्यात सगळेच असे नाहीत, हेही नमूद करतो. मोरा–भाऊचा धक्का या मार्गावर ‘पावसाळी दर’ नावाचे तुमचे एक चुलतभाऊ आहेत. पावसाळा लागला की येतात. उधाणाचा समुद्र, जास्त डिझेल, कमी प्रवासी, असं स्वच्छ कारण सांगतात, आणि पावसाळा सरला की बाडबिस्तरा गुंडाळून निघून जातात. त्यांच्याबद्दल कुरकुर होते, पण कोणी त्यांना लबाड म्हणत नाही. येण्याची आणि जाण्याची तारीख ठरलेली असली की दरवाढसुद्धा सभ्य वाटते. तुम्ही त्यांच्याकडे चार दिवस राहून या.

तर मागणी एवढीच. तुमच्या कागदाशेजारी आणखी एक कागद लावू द्या. त्यावर शेवटच्या दरवाढीच्या दिवशीचा डिझेलचा भाव, आजचा भाव, खर्चात डिझेलचा वाटा किती आणि त्यावरून निघणारं तिकीट, एवढ्या चार ओळी पुरेत. हिशेबातून तिकीट वाढायला हवं असं निघालं, तर वाढीव पैसे पहिल्यांदा मी मोजतो, तेही सुट्टे. आणि तारीख कृपा करून अशा पेनाने लिहा, ज्याची शाई उन्हाला टिकते.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
रांगेतला एक पासधारक

ता. क. : पासाचे दरही वाढल्याचं आत्ताच कळलं. कारण विचारलं नाही.